स्क्वॉट करताना टाच उचलली जाते : वेटलिफ्टिंगचे बूट घ्यावेत का?

प्रश्न : मी २६ वर्षांची असून इचलकरंजीत एका सूत व्यापाऱ्याच्या पेढीवर हिशेबाचे काम करते. गेले नऊ महिने जिममध्ये स्क्वॉट (खांद्यावर बार घेऊन बैठक), डेडलिफ्ट (बार जमिनीवरून उचलून उभे राहणे) आणि ओव्हरहेड प्रेस (बार डोक्यावर ढकलणे) नियमाने करते आहे. स्क्वॉटमध्ये ५५ किलोचे सलग पाच रेप्स (वेळा) निघतात. पण पूर्ण खाली बसले की टाचा उचलल्या जातात, छाती पुढे झुकते आणि उजवा पाय बुटात आतल्या बाजूला कलंडल्यासारखा वाटतो. मी धावण्याचे बूट वापरते. जिममधले सर टाचेखाली अडीच किलोच्या प्लेट ठेवायला सांगतात, मैत्रीण म्हणते अनवाणीच कर, आणि दादाचे म्हणणे असे की व्यायामासाठी वेगळे बूट म्हणजे निव्वळ नखरे. दिवाळीनंतर मला स्नॅच (बार जमिनीवरून एका दमात डोक्यावर) आणि क्लीन अँड जर्क (बार आधी खांद्यांपर्यंत, मग डोक्यावर) शिकायला सुरुवात करायची आहे. सहा हजार रुपये बाजूला काढले आहेत. बूट घ्यावेत का, घेतले तर कसे, आणि तेच बूट सगळ्या व्यायामांना चालतील का?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात दोन वेगवेगळ्या तक्रारी एकत्र आल्या आहेत आणि त्यांची उत्तरेही वेगळी आहेत. उजवा पाय आत कलंडतो, ही बहुधा तुमच्या आजच्या बुटाची करणी आहे. टाच उचलली जाते आणि छाती झुकते, ही मात्र घोट्याची आणि मांडीच्या लांबीची गोष्ट असण्याचा संभव जास्त आहे. पहिल्या तक्रारीसाठी एक रुपयाही खर्च न करता उद्यापासून सुरुवात करता येईल. दुसरीसाठी बूट घ्यावेत असे माझे मत आहे, विशेषतः तुम्हाला स्नॅच शिकायचे आहे म्हणून. पण घेण्यापूर्वी घरच्या भिंतीसमोर पाच मिनिटांची एक चाचणी करा, म्हणजे किती उंच टाच घ्यायची हे अंदाजाने ठरवावे लागणार नाही.

आधी धावण्याच्या बुटांविषयी. ते वाईट असतात असे नाही. ते ज्या कामासाठी घडवले आहेत ते काम वेगळे आहे. धावताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दुपटी-तिपटीचा धक्का जमिनीकडून वर येतो, आणि तो सौम्य व्हावा म्हणून टाचेखाली मऊ फोमचा जाड थर दिलेला असतो. हा फोम दबतो, आणि दबावा म्हणूनच तो तिथे असतो. आता तुमचा स्क्वॉट डोळ्यांसमोर आणा. खांद्यावर ५५ किलो, त्यात तुमचे स्वतःचे वजन, म्हणजे शंभर किलोंच्या पुढचा भार दोन तळव्यांवर काही सेकंद स्थिर उभा आहे. फोम त्या भाराखाली सगळीकडे सारखा दबत नाही. जिथे भार किंचित जास्त तिथे तो जास्त बसतो, मग पाय त्या बाजूला झुकतो, झुकल्यामुळे भार तिथे आणखी वाढतो, आणि पायाच्या मागोमाग गुडघाही आत येतो. गादीवर उभे राहून डोक्यावरची घागर सांभाळायला सांगितले तर जी अवस्था होईल, तीच ही अवस्था आहे.

हे प्रत्यक्ष पाहायचे असेल तर मोबाईल फरशीवर, तुमच्या मागे चार-पाच फुटांवर ठेवा आणि नेहमीच्या वजनाचा एक सेट चित्रित करा. चेहऱ्याकडे, पाठीकडे पाहू नका. फक्त बुटाच्या टाचेमागची उभी शिवण पाहा. उभे असताना ती सरळ असेल. खाली जाता जाता उजव्या बुटाची शिवण तिरकी होऊ लागली, आणि बुटाच्या आतल्या कडेला फोमवर आडव्या सुरकुत्या उमटल्या, तर दोष कुठे आहे हे तुम्हाला कोणी वेगळे सांगण्याची गरज राहणार नाही. त्यानंतर तोच सेट अनवाणी, निम्म्या वजनाने करा आणि पुन्हा पाहा. अनवाणी पाय सरळ राहिला तर बूट दोषी. अनवाणीही पाय आत पडत असेल तर तळव्याची कमान आणि कमरेच्या बाजूचे स्नायू यांच्याकडे लक्ष द्यावे लागेल, आणि कोणताही बूट ते काम तुमच्यासाठी करणार नाही.

आता वेटलिफ्टिंगचा बूट. हातात घेतला की पहिल्यांदा त्याचे वजन जाणवते आणि नंतर त्याचा कठीणपणा. टाचेखालचा भाग टणक प्लॅस्टिकसारख्या टीपीयूचा, लाकडाचा किंवा चामड्याचे थर एकमेकांवर दाबून केलेला असतो. अंगठ्याने सगळा जोर लावून दाबला तरी तो दबत नाही. तळ रुंद व पूर्ण सपाट असतो, बाहेरचे रबर पातळ आणि पकड घेणारे असते, आणि लेसच्या वरून पायाच्या उंचवट्यावर एक किंवा दोन रुंद पट्टे येतात, जे पाय बुटात पुढे सरकू देत नाहीत. चवड्याचा भाग मात्र वाकतो, कारण जर्कमध्ये मागचा पाय चवड्यावर टेकायचा असतो. टोकियोत मीराबाई चानू यांनी ४९ किलो वजनी गटात क्लीन अँड जर्कमध्ये ११५ किलो उचलले, तेव्हा त्यांचे शरीर आणि बार मिळून १६० किलोंच्या पुढचा भार होता, आणि बार झेलण्याच्या क्षणी तळव्यांवरचा दाब त्याहूनही अधिक. अशा वेळी पायाखाली काहीही दबता कामा नये, हलता कामा नये. या बुटाची सगळी रचना त्या एका गरजेतून झाली आहे.

राहिली टाचेची उंची, जिच्याबद्दल सर्वांत जास्त गैरसमज आहेत. पूर्ण खाली बसताना बारचा भार पावलाच्या मध्यावर राहायला हवा. त्यासाठी एकतर गुडघे बोटांच्या पुढे जायला हवेत, नाहीतर कंबर मागे जाऊन छाती झुकायला हवी. तिसरा मार्ग नाही. गुडघे किती पुढे जातील हे घोटा किती वाकतो यावर ठरते. घोट्याची मर्यादा संपली, आणि तरीही खाली जायचे असेल, तर शरीर टाच उचलून ती कसर भरून काढते. तुमच्या बाबतीत टाच उचलणे आणि छाती झुकणे दोन्ही होते आहे, म्हणजे घोटा अपुरा पडत असावा किंवा मांडीचे हाड पिंडरीच्या मानाने लांब असावे. बूट टाचेखाली टणक उंची देतो, त्यामुळे पिंडरीला पुढे झुकायला काही अंश आयते मिळतात. गुडघे पुढे जातात, पाठ उभी राहते, आणि भाराचा मोठा वाटा कमरेऐवजी मांडीच्या पुढच्या स्नायूंवर येतो. स्नॅचमध्ये बार डोक्यावर धरून बसायचे असते. तिथे छाती झुकली तर बार पुढे पडतो. साधा स्क्वॉट झुकलेल्या पाठीने निभावून जातो, स्नॅच निभावत नाही. म्हणूनच स्नॅच शिकायचे म्हणता तेव्हा माझे मत बुटाच्या बाजूने झुकते.

थोडे अवांतर वाटेल, पण तुमच्या भागातून पत्र आले म्हणून विचारते : लहानपणी घरात कोणी तालमीत जाणारे होते का, त्यांच्याकडून बैठका शिकलात का? तालमीतल्या बैठकेत खाली जाताना टाच उचलली जाते आणि भार चवड्यावर येतो; तिथे ते योग्यच आहे, कारण खांद्यावर बार नसतो आणि चपळाई हवी असते. पण ज्यांनी शेकडो बैठका मारल्या आहेत त्यांच्या अंगात ती सवय इतकी मुरलेली असते की घोटा पुरेसा वाकत असूनही बारखाली टाच आपोआप उठते. माझ्याकडे आलेल्या कुस्तीगीर मुलामुलींमध्ये हे मी अनेकदा पाहिले आहे. त्यांना बुटाआधी सवय मोडावी लागते. खालची चाचणी तुमचे कारण घोट्याचे आहे की सवयीचे, हेही दाखवून देईल.

चाचणी अशी. अनवाणी पायाने भिंतीसमोर एक गुडघा जमिनीला टेकून बसा. पुढच्या पायाचा अंगठा भिंतीपासून १० सेंटिमीटरवर येईल असा ठेवा. शाळेची पट्टी वापरा, बोटांनी मोजू नका. टाचेखाली कागदाची एक पट्टी सरकवा आणि तिचे टोक दादाच्या हातात द्या. आता टाच न उचलता गुडघा सरळ पुढे, दुसऱ्या बोटाच्या रेषेत नेऊन भिंतीला टेकवा, आणि टेकला की दादाला कागद ओढायला सांगा. कागद अडकून राहिला तर टाच खाली आहे. सहज निघून आला तर टाच उचलली गेली आहे, तुम्हाला जाणवली नसली तरी. मग एकेक सेंटिमीटर जवळ या आणि कागद जिथे पहिल्यांदा अडकून राहील ते अंतर लिहून ठेवा. दोन्ही पायांचे वेगवेगळे मोजा. उजव्याचे अंतर डाव्यापेक्षा दोन सेंटिमीटरने कमी निघाले तर तुमचा उजवाच पाय का कलंडतो याचे आणखी एक कारण हाती लागेल.

अंतर १० किंवा त्याहून जास्त आले तर घोटा चांगला आहे. तुमची टाच फोममुळे किंवा सवयीमुळे उचलली जाते आणि १५ मिलिमीटरची टाच तुम्हाला पुष्कळ होईल. ५ ते १० च्या मध्ये आले तर २० मिलिमीटरच्या आसपासची टाच घ्या. बहुतेक कंपन्यांचे वेटलिफ्टिंगचे बूट याच उंचीचे असतात. या चाचणीत एका सेंटिमीटरमागे घोट्याचे साधारण साडेतीन अंश मोजतात आणि २० मिलिमीटरची टाच सहा-सात अंश देते, म्हणजे बुटाने तुम्हाला भिंतीपासूनचे जवळजवळ दोन सेंटिमीटर मिळवून दिले असा हिशेब मांडता येतो. हिशेबाचे काम करता, तेव्हा हे तुम्हाला माझ्यापेक्षा लवकर पटेल. अंतर ५ पेक्षाही कमी आले तर मात्र केवळ बुटावर विसंबू नका. त्या वेळी ताण कुठे जाणवतो तेही पाहा. पोटरीत मागून ओढ बसत असेल तर स्नायू आखडलेले आहेत आणि रोजच्या ताणण्याने काही महिन्यांत फरक पडतो. याच भिंतीसमोर, हीच हालचाल, प्रत्येक पायाने दहा-पंधरा वेळा, सावकाश. पण घोट्याच्या पुढच्या बाजूला, सांध्यातच काहीतरी अडल्यासारखे किंवा चिमटा बसल्यासारखे वाटत असेल, किंवा पूर्वी पाय मुरगळल्याचा इतिहास असेल, तर ताणत बसू नका, फिजिओथेरपिस्टला दाखवा.

आता तुमच्या सरांच्या प्लेटविषयी. त्यांचा हेतू बरोबर आहे आणि तात्पुरता प्रयोग म्हणून तो मला आवडतोही, कारण टाच उंचावल्यावर आपली पाठ खरोखर उभी राहते का, हे पैसे न घालवता कळते. रिकाम्या बारने किंवा छातीशी एक डंबेल धरून प्लेटवर टाच ठेवून बसून पाहा. फरक जाणवला तर बूट घेण्याचा निर्णय आणखी पक्का होईल. पण वजन वाढवत नेण्यासाठी प्लेट योग्य नाही. तिच्यावर टाच टेकते आणि चवडा जमिनीवर, मधला तळवा अधांतरी राहतो. प्लेटची कड एका ठिकाणी रुतते. आणि गुळगुळीत फरशीवर दोन्ही प्लेट सारख्या जागी राहतील याची खात्री नसते. क्लीन आणि स्नॅचमध्ये तर पाय जागा सोडून पुन्हा टेकतात, तिथे प्लेटचा विचारही करू नका.

मैत्रिणीचा अनवाणीचा सल्ला डेडलिफ्टपुरता अर्धा खरा आहे. डेडलिफ्टमध्ये तुम्ही जमिनीच्या जितक्या जवळ, तितके बारला कमी अंतर उचलावे लागते. म्हणून पॉवरलिफ्टिंगच्या स्पर्धांत पातळ तळाच्या स्लिपर घालून डेडलिफ्ट करणारे पुष्कळ दिसतात. उंच टाचेच्या बुटात डेडलिफ्ट केली तर अंतर वाढते आणि भार चवड्याकडे ढकलला जातो, जे तिथे नको असते. तेव्हा तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर असे, की नाही, एकच बूट सगळ्याला चालणार नाही. पण दुसऱ्या जोडासाठी फार खर्चही नाही. शाळेत पीटीच्या तासाला घालत असू ते पांढरे कॅनव्हासचे बूट आठवतात ना? पातळ, सपाट, न दबणाऱ्या रबराचा तळ, काही शे रुपयांची किंमत. डेडलिफ्टला त्याहून चांगला बूट मी आजवर पाहिलेला नाही. आतला मऊ सुकतळा जाड असेल तर तो काढून टाका. पूर्ण अनवाणी मी कोणालाच सांगत नाही. बूट असला म्हणून पडणारी २० किलोची प्लेट थोपवली जात नाही हे खरे. पण घामाने ओल्या फरशीवर पाय घसरणे, लोखंडाच्या रॅकला करंगळी ठेचणे, या रोजच्या गोष्टी तरी टळतात. आणि वेटलिफ्टिंगच्या स्पर्धेत बूट घालणे सक्तीचेच आहे, तेव्हा त्यातच शिकलेले बरे.

हेच कॅनव्हासचे बूट तुम्ही उद्यापासून स्क्वॉटलाही वापरा. नवे बूट येईपर्यंतचे दोन-तीन आठवडे त्यात काढा, वजन ४० किलोंपर्यंत उतरवा, आणि प्रत्येक रेपला अंगठ्याच्या मुळाशी, करंगळीच्या मुळाशी आणि टाचेच्या मध्याशी अशा तीन ठिकाणी जमिनीचा दाब जाणवतो आहे का, इकडे लक्ष द्या. उजवा पाय कलंडणे यातच थांबेल अशी मला बरीच आशा आहे.

दादाच्या नखऱ्यांबद्दल मला तळमळीने दोन शब्द लिहायचे आहेत. तुमच्या इचलकरंजीहून कुरुंदवाड काही फार लांब नाही. त्या एवढ्याशा गावातल्या गणेश माळी आणि ओंकार ओतारी यांनी २०१४ साली ग्लासगोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत वेटलिफ्टिंगची कांस्यपदके जिंकली. दादाला एकदा कुरुंदवाडला घेऊन जा आणि सराव करणाऱ्या मुलांच्या पायांकडे पाहायला सांगा. ज्या घरात दुधाचा हिशेब पैशापैशाने होतो, त्या घरातला मुलगा किंवा मुलगी जेव्हा बुटासाठी पैसे साठवते, तेव्हा ते सुताराने करवतीसाठी पैसे साठवण्यासारखे असते. मी शिकत होते तेव्हा महिलांचे वेटलिफ्टिंग ऑलिम्पिकमध्ये नव्हते. ते २००० साली सिडनीत आले, आणि त्याच वर्षी कर्णम मल्लेश्वरी यांनी ६९ किलो गटात २४० किलोंची बेरीज करून कांस्यपदक आणले. त्याआधी मुलींच्या मापाचे बूट मागितले की दुकानदार हसत असे. आम्ही चामड्याच्या जुन्या बुटांना कारागिराकडून लाकडाची टाच ठोकून घेत होतो. आज तुमच्या मापाचा बूट मिळतो आहे आणि तो तुम्ही स्वतःच्या कमाईतून घेता आहात, यात संकोच करण्यासारखे काहीही नाही. हातमोजे, मनगटाचे पट्टे, महागडा कमरपट्टा, पावडरींचे डबे, या सगळ्यांच्या आधी बूट घ्यावा, कारण बाकीच्या वस्तू वजन वाढल्यावर लागतात (काही कधीच लागत नाहीत), पण पाय पहिल्या दिवसापासून जमिनीवर असतो.

सहा हजारांत काय मिळेल? परदेशी नामांकित कंपन्यांचे वरच्या श्रेणीतले बूट दहा हजारांच्या पुढे जातात. त्यांच्या मागे लागण्याचे तुम्हाला आज कारण नाही. तुमच्या रकमेत देशी बनावटीचे बूट मिळू शकतात, आणि सवलतीच्या दिवसांत परदेशी कंपन्यांचे सुरुवातीच्या श्रेणीतलेही. नावापेक्षा तीन गोष्टी पाहा. टाचेचा भाग अंगठ्याने दाबून पाहा. स्वस्त बुटांत बाहेरून कठीण दिसणारे आवरण आणि आत फोम असा प्रकार असतो, तो दाबताच कळतो. बूट टेबलावर ठेवून टाचेला आणि चवड्याला आलटून पालटून बोट लावा. तो डुलला तर परत करा. आणि उंची विचारताना नुसती टाचेची विचारू नका. टाचेखालच्या उंचीतून चवड्याखालची उंची वजा करून जे उरते ते तुमच्या कामाचे. टाचेखाली ३० मिलिमीटर आणि चवड्याखाली १० असेल तर तो बूट २० चा. जाहिरातीत कधी एक आकडा दिलेला असतो, कधी दुसरा.

माप घेताना संध्याकाळी घ्या, कारण दिवसभरात पाय थोडा सुजतो आणि तुम्ही व्यायामही बहुधा कामानंतरच करत असाल. कागदावर उभे राहून, पेन्सिल उभी धरून दोन्ही पावलांची रेघ काढा आणि टाचेपासून सर्वांत लांब बोटापर्यंतचे अंतर सेंटिमीटरमध्ये मोजा, चवड्याची रुंदीही मोजा. बुटाच्या जिभेवरच्या लेबलावर यूके, यूएस, ईयू असे आकडे असतात, ते कंपनीगणिक आणि स्त्री-पुरुषांगणिक बदलतात. त्यांच्या शेजारी जेपी किंवा सीएम असा आकडा असेल तर तो थेट पावलाची लांबी सांगतो, त्यावर भिस्त ठेवा. धावण्याच्या बुटात बोटांपुढे अंगठ्याएवढी जागा सोडतात. इथे ती नको. बोटे पुढे हलकेच लागल्यासारखी वाटावीत, पण दुमडू नयेत, म्हणून बहुतेकांना धावण्याच्या बुटापेक्षा अर्धा नंबर कमी बसतो. आपल्याकडे लहानपणी अनवाणी वावरलेल्यांचे चवडे रुंद असतात, आणि स्त्रियांसाठी म्हणून येणारे बूट पुष्कळदा अरुंद साच्याचे निघतात. करंगळी दबत असेल तर संकोच न करता पुरुषांच्या मापातला बूट घालून पाहा. बारला त्याने काही फरक पडत नाही. मागवलेला बूट आला की घरातल्या फरशीवरच, व्यायामाला घालता तेच मोजे घालून, दहा-बारा वेळा पूर्ण खाली बसा. टाच आतून सुटत असेल किंवा पाय पुढे सरकत असेल तर तो बदलून घ्या, वापरून सैल होईल या आशेवर ठेवू नका. या बुटांचा कडकपणा पट्ट्यापाशी थोडा मोडतो, मापात तो बदलत नाही.

कोणाचे वापरलेले बूट स्वस्तात मिळत असतील तर नाही म्हणू नका, पण तळाचा जोड वाकवून पाहा. आपल्याकडच्या दमट हवेत, विशेषतः पावसाळाभर डब्यात बंद राहिलेल्या बुटांचा डिंक सुटतो आणि काही प्रकारचे सोल आतून भुसभुशीत होतात. बाहेरून बूट नवाकोरा दिसतो. मी एकदा एका जिल्हा स्पर्धेत असेच उसने आणलेले बूट घालून उतरले होते. क्लीन व्यवस्थित झाली, आणि जर्कसाठी पाय फाकवून टेकले तेव्हा पुढच्या पायाची टाच तळापासून सुटून मागे राहिली. बार मी पुढे टाकू शकले म्हणून गुडघा वाचला. तेव्हापासून मी कोणाचाही बूट हातात आला की आधी त्याची टाच धरून पिळते. तुम्हीही पिळा.

बूट घरून घालून जिमला जाऊ नका. पिशवीतून न्या, रॅकपाशी गेल्यावर घाला आणि चालण्याच्या, धावण्याच्या, उड्यांच्या व्यायामाआधी काढा. त्यात धावल्यास पोटरी दुखेल आणि तळाची पकड जाईल. घरी आल्यावर लेस सैल करून, आत वर्तमानपत्राचा बोळा घालून वाऱ्यावर ठेवा. कडक उन्हात ठेवू नका.

नवे बूट घातल्यावर पहिल्या दिवशी तोल थोडा पुढे गेल्यासारखा वाटेल आणि तुम्ही नकळत मागे रेलाल. तो पहिला आठवडा १५ किलोच्या रिकाम्या बारवर काढा (जिममध्ये बहुधा २० चाच असेल, तो चालेल). आधी लेस खालून वर एकेक छिद्रात ओढून घट्ट करा, टाच मागे ठोकून बसवा, आणि पट्टा सर्वांत शेवटी, उभे राहून ओढा. बसून ओढलेला पट्टा उभे राहिल्यावर सैल पडतो. मग खाली बसा, तळाशी तीन सेकंद थांबा, आणि दादाला पुन्हा एकदा टाचेखालचा कागद ओढायला सांगा, या वेळी बुटाच्या टाचेखालचा.